ज्यांची बातमी होत नाही

माझ्या हातून एक खुलासा छापायचा राहून गेला आहे. त्याला वीसहून अधिक वर्षे झाली. आज तो करून टाकतो आणि त्या निमित्ताने, आपल्याकडे फारसा सांगितला न गेलेला थोडा इतिहासही सांगतो.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. २८ मे २००३ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम पुण्यात होते. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी या संस्थेच्या समारंभात त्यांचे भाषण झाले. त्यात त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांच्याशी झालेल्या भेटीची आठवण सांगितली. बोलता बोलता सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचा विषय निघाला. ज्याची मूळ संहिता खुली आहे असे सॉफ्टवेअर आम्हाला हवे, म्हणजे सुरक्षेची व्यवस्था आमची आम्हाला त्यात बसवता येईल, असे कलाम म्हणाले. तिथे दोघांची मते जुळली नाहीत आणि बोलणे अवघड होऊन बसले. भारताने खुल्या सॉफ्टवेअरची कास धरावी, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता.

ती बातमी रात्रपाळीत माझ्या टेबलावर आली. पान सोडायची वेळ झाली होती आणि दोन कॉलमांत बसेल असा मथळा हवा होता. ‘ओपन सोर्स’ म्हणजे काय ते आपल्या वाचकाला कळणार नाही, असे माझे मीच ठरवले आणि मथळा दिला : ‘फुकटचे सॉफ्टवेअर वापरा - राष्ट्रपती’.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण अंक हातात घेऊन कार्यालयात आला. एका कंपनीत नोकरी करून रात्री तो आणि त्याचे मित्र असल्याच एका खुल्या प्रोग्रॅमचे मराठीकरण करत होते.

“साहेब, राष्ट्रपती ‘फुकट’ असं कुठं म्हणाले?” त्याने विचारले.

मी म्हटले, “अहो, त्याला पैसे पडत नाहीत ना? मग फुकटच की.”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “पाणपोईचं पाणी फुकट असतं, साहेब. गावची विहीर गावाची असते. तिच्यात उतरून गाळ काढायचा आपल्याला हक्क असतो. आणि तो काढावाही लागतो.”

मी त्याला चहा पाजला, “बघतो” म्हणालो आणि पाठवून दिले. खुलासा काही छापला नाही. एका शब्दासाठी कोण खुलासा छापतो? पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही. पुढे या विषयावर जे जे हाती लागले ते वाचत गेलो, तेव्हा कळले की माझ्यासारख्या बातमीदारांशी आणि उपसंपादकांशी कसे वागायचे, हा या मंडळींपुढचा जुनाच प्रश्न होता.

प्रश्न सुरू झाला तोच शब्दावरून. संगणकाचा प्रोग्रॅम माणूस लिहितो तेव्हा तो वाचता येण्याजोगा मजकूर असतो. त्याला सोर्स कोड म्हणजे मूळ संहिता म्हणतात. कंपन्या ती संहिता कुलुपात ठेवतात आणि फक्त यंत्राला कळणारे रूप विकतात. २७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी या रिवाजाविरुद्ध ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. प्रोग्रॅम चालवण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असले पाहिजे, ही त्यांची भूमिका. त्यांनी त्याला ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हटले. आता इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे स्वतंत्रही आणि फुकटही. अमेरिकन वार्ताहरांनी सोयीचा अर्थ घेतला आणि स्टॉलमन पुढची कित्येक वर्षे ‘स्वातंत्र्य, किंमत नव्हे’ हेच समजावत राहिले. आपल्या मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मला तर ती अडचणही नव्हती. तरी मी ‘फुकट’ लिहिलेच!

दुसरा प्रश्न माणसाचा. १९९१ मध्ये फिनलंडमधील एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. बघता बघता देशोदेशींची माणसे त्यात भर घालू लागली. त्यांना ना कचेरी होती, ना जनसंपर्क अधिकारी. एखाद्या कंपनीची बातमी करायची तर वार्ताहर तिच्या प्रवक्त्याला फोन लावतो. इथे फोन कुणाला लावायचा? आणि जो उचलेल तो सगळ्यांच्या वतीने बोलतो आहे, हे कशावरून?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा पहिला जाणीवपूर्वक प्रयत्न १९९८ मध्ये झाला. २२ जानेवारीला नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले. मोठ्या वृत्तपत्रांचे लक्ष पहिल्यांदाच या विषयाकडे वळले होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कॅलिफोर्नियात काही मोजकी मंडळी बसली. त्यांत ख्रिस्टीन पीटरसन होत्या. नवख्या माणसाला ‘फ्री’ म्हटले की तो किमतीवर अडकतो, हे त्यांना खटकत होते. त्यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द आधीच योजून ठेवला होता. पण बैठकीत आपण मुख्य मंडळींपैकी नाही, म्हणून त्या स्वतः पुढे आल्या नाहीत. ज्याला त्यांनी आधी सांगून ठेवले होते अशा एका सहकाऱ्याने बोलण्याच्या ओघात तो सहज वापरला आणि थोड्या वेळाने इतरांच्याही तोंडी तो आला. ही हकीकत पीटरसन यांनी स्वतः २०१८ मध्ये लिहिली. शब्द जगभर गेला. तो ज्यांनी दिला त्यांचे नाव सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचले.

त्याच बैठकीत एरिक रेमंड होते. प्रोग्रॅमर असले तरी बातमीदारीचे तंत्र त्यांना नेमके उमगले होते. त्यांनी चक्क डावपेच आखले. प्रोग्रॅमरांना पटवत बसण्यापेक्षा कंपन्यांचे प्रमुख जे वाचतात ते वॉल स्ट्रीट जर्नल, न्यूयॉर्क टाइम्स, इकॉनॉमिस्ट, फोर्ब्स यांना गाठायचे आणि सांगताना लिनक्सचे उदाहरण पुढे ठेवायचे. ७ एप्रिल १९९८ रोजी प्रकाशक टिम ओ’रायली यांनी अशा प्रोग्रॅमांच्या कर्त्यांची परिषद भरवली आणि शेवटी त्यांना पत्रकारांपुढे बसवले. त्यात टोरवाल्ड्स होते. इंटरनेटवरची नावे आणि पत्ते यांची सांगड घालणारा प्रोग्रॅम सांभाळणारे पॉल विक्सी होते. ज्यातून त्या काळी जगातली बरीचशी ई-पत्रे जात, तो सेंडमेल लिहिणारे एरिक ऑलमन होते. समोर बसलेले वार्ताहर या माणसांचे काम रोज वापरत होते आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे त्यांनी कधी ऐकली नव्हती. स्टॉलमन यांना मात्र बोलावणे नव्हते.

डावपेच यशस्वी झाले. ऑगस्ट १९९८ मध्ये टोरवाल्ड्स फोर्ब्सच्या मुखपृष्ठावर झळकले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचे एक अंतर्गत टिपण रेमंड यांच्या हाती आले. ही खुली सॉफ्टवेअर दर्जात व्यापारी मालाच्या तोडीची, प्रसंगी सरसही ठरू शकतात, आणि नुसत्या शंका पसरवून त्यांना रोखता येणार नाही, अशी कबुली त्यात होती. रेमंड यांनी स्वतःचे शेरे घालून ते प्रसिद्ध केले आणि अमेरिकेतल्या भुताखेतांच्या सणावरून त्याला ‘हॅलोविन दस्तऐवज’ असे नाव दिले. टिपण खरे असल्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले. बातमीला आता सगळे मिळाले होते : नाव, नायक आणि खलनायक.

पण याची किंमतही होती. स्टॉलमन यांचे म्हणणे असे की, नव्या शब्दाने स्वातंत्र्याची गोष्टच गाळून टाकली. शिवाय ज्याला सगळे लिनक्स म्हणतात त्यात ग्नू प्रकल्पाचे मोठे काम आहे, तेव्हा ‘ग्नू/लिनक्स’ म्हणा. मुलाखत हवी तर आधी हे मान्य करा, अशी अट ते पत्रकारांना घालू लागले. पत्रकारांना हा माणूस हेकट वाटे. मलाही वाटला होता. आता वाटते, माझ्यासारखे मथळे ज्याने आयुष्यभर वाचले, त्याने दुसरे काय करावे?

दुसरी किंमत अशी की, चेहरा एकाचा छापला की बाकीचे दिसेनासे होतात. आपल्याकडे धरणाच्या उद्घाटनाच्या छायाचित्रात कोण असते ते आपण जाणतोच.

पुढच्या काळात वारे उलटे फिरले. जून २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी शिकागो सन-टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली. मार्च २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा ठोकला. युनिक्स या जुन्या प्रणालीची आमच्या मालकीची संहिता लिनक्समध्ये घुसवली आहे, असा तिचा आरोप होता. मे महिन्यात तिने जगातल्या दीड हजार मोठ्या कंपन्यांना पत्रे पाठवून, लिनक्स वापराल तर तुम्हीही अडचणीत याल, असे बजावले. वृत्तपत्रांत मोठाले मथळे आले. पुण्यात कलामांचे भाषण झाले तो हाच महिना.

या हल्ल्याला उत्तर कुणी द्यायचे? प्रवक्ता तर नव्हताच. इथे या समाजाने आपल्या स्वभावाला धरून एक वाट काढली. प्रोग्रॅममधली चूक जशी सगळ्यांनी मिळून शोधायची, तसेच दाव्याचे कागदही सगळ्यांनी मिळून वाचायचे. पामेला जोन्स या कायद्याच्या क्षेत्रात साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या बाईंनी मे २००३ मध्ये ‘ग्रोकलॉ’ हे संकेतस्थळ सुरू केले. स्वयंसेवक न्यायालयात जाऊन बसत आणि काय घडले ते लिहून आणत. शेकडो पानांचे अर्ज आणि निवाडे टंकून काढत. जुने प्रोग्रॅमर तीस वर्षांपूर्वीची संहिता धुंडाळत आणि जोन्स कायद्याची भाषा सोपी करून सांगत.

ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात एससीओने ‘चोरीचा पुरावा’ म्हणून संहितेच्या काही ओळी पडद्यावर दाखवल्या. कुणाला वाचता येऊ नये म्हणून त्यातला काही भाग ग्रीक अक्षरांत होता. ती होती नुसती अक्षरांची अदलाबदल! पडद्याची छायाचित्रे बाहेर आली आणि काही दिवसांतच ब्रूस पेरेन्स यांनी त्या ओळींचे मूळ दाखवून दिले. एक तुकडा ज्यावर एससीओचा हक्कच नाही अशा खुल्या संहितेतला होता, तर दुसरा युनिक्सच्या फार जुन्या आवृत्त्यांपर्यंत मागे जात होता.

निकालाला वेळ लागला. सप्टेंबर २००७ मध्ये एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. मार्च २०१० मध्ये ज्यूरीने, युनिक्सचे हक्क एससीओकडे नसून नोव्हेल कंपनीकडे आहेत, असा कौल दिला. आयबीएमवरचा दावा तर २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. माझ्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची घटना मात्र २००७ ची आहे. फोर्ब्सचे डॅनियल लायन्स यांनी या प्रकरणात एससीओच्या बाजूने झुकते लिहिले होते आणि लिनक्सवाल्यांची टिंगलही केली होती. एससीओ बुडाल्यावर त्यांनी, आपण फसलो असे छापून कबूल केले आणि दोष स्वतःकडे घेतला. असा खुलासा लिहायला काय पडते, ते ज्याने तो लिहिला नाही त्याला चांगलेच ठाऊक असते.

अजून एक वाट होती. बातमी मिळत नसेल तर जागा विकत घ्यायची! २००४ साली दहातली नऊ माणसे मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरत होती. नेटस्केपच्या खुल्या केलेल्या संहितेतून उभा राहिलेला फायरफॉक्स ९ नोव्हेंबरला बाजारात आला. जाहिरातीला पैसा नव्हता, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढायची ठरवले. अडीच हजार देणगीदार मिळाले तरी पुष्कळ, असा अंदाज होता. मिळाले दहा हजारांवर, आणि दहा दिवसांत सुमारे अडीच लाख डॉलर जमले. १६ डिसेंबर २००४ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये पूर्ण दोन पानांची जाहिरात आली. तिच्यात देणगी देणाऱ्या सगळ्यांची नावे बारीक टाइपात छापली होती. आपल्याकडे सार्वजनिक गणपतीच्या अहवालात वर्गणीदारांची यादी असते ना, तशी. एवढी नावे एका पानात बसवणाऱ्या जुळारीचे मला कौतुक वाटले. मुखपृष्ठावरच्या एका चेहऱ्यापेक्षा ते पान मला या लोकांचे अधिक खरे छायाचित्र वाटते.

आता गाळाची गोष्ट. नाव मिळाले, लढाया जिंकल्या, जाहिरातही झाली. पण विहिरीत उतरणाऱ्याची बातमी कधी झाली नाही. जे बिघडले नाही त्याची बातमी करायची तरी कशी? ती झाली ७ एप्रिल २०१४ रोजी. ओ’रायलींच्या पत्रकार परिषदेला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षे झाली होती.

ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवणारे सॉफ्टवेअर. बँका, दुकाने, सरकारी खाती, सगळे त्यावर विसंबून. त्यात एक भोक सापडले. गुगलचा एक संशोधक आणि फिनलंडची कोडनोमिकॉन कंपनी या दोघांना ते स्वतंत्रपणे सापडले होते. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार सुमारे पाच लाख सर्व्हर त्यात उघडे पडले होते. एरवी अशा दोषाला नुसता क्रमांक मिळतो. कोडनोमिकॉनने याला ‘हार्टब्लीड’ असे नाव दिले आणि रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचे चित्र काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून ते जगभरच्या वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर दिसू लागले.

मग वार्ताहर माणूस शोधू लागले. ती ओळ जर्मनीतील एका संशोधक विद्यार्थ्याने २०११ च्या अखेरीस लिहिली होती. त्याने मुद्दाम केले का, असे प्रश्न सुरू झाले. चूक अनवधानाने झाली आणि तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटली, असे त्याला सांगावे लागले. आमच्याकडेही एक खिळा निसटतो, मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटतो आणि सकाळी लाखभर प्रती घरोघरी गेलेल्या असतात. त्या सकाळी पोटात काय होते ते मी अनुभवले आहे.

त्याच आठवड्यात दुसरीही गोष्ट बाहेर आली. जगाचे कुलूप सांभाळणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे दोन हजार डॉलर आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक. हे छापून आले तेव्हा मोठ्या कंपन्या ओशाळल्या. एप्रिल संपायच्या आत लिनक्स फाउंडेशनने निधी उभा केला. डझनभर कंपन्यांनी प्रत्येकी दरवर्षी किमान एक लाख डॉलर, निदान तीन वर्षे देण्याचे कबूल केले. त्यात मायक्रोसॉफ्टही होती. म्हणजे त्या चित्राने एका विद्यार्थ्याला छळले आणि एका प्रकल्पाला तारलेही. बातमीची ही दोन्ही कामे एकाच दिवशी होतात, हे आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी विसरू नये.

पण वृत्तपत्रांचे लक्ष हलले आणि दुसऱ्या कित्येक विहिरी तशाच राहिल्या. ‘एक्सझेड’ हे फायली लहान करणारे छोटेसे साधन फिनलंडमधला एक माणूस वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होता. हा छंदाचा प्रकल्प आहे आणि प्रकृतीमुळे पूर्वीइतके होत नाही, असे त्याने २०२२ मध्ये लिहिलेही होते. तेव्हा अनोळखी नावांनी त्याच्यावर, कामे लवकर करा, दुसऱ्याला मदतीला घ्या, असा दबाव येत होता. मदतीला आलेल्या एका नावाने हळूहळू विश्वास कमावला आणि सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला, तोही योगायोगाने. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसरेच काही मोजताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले आणि त्याने त्याचा पिच्छा पुरवला. २९ मार्चला त्याने ते जाहीर केले. हा फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत होता.

जगभरचे पत्रकार त्या फिनलंडच्या गृहस्थाच्या मागे लागले. त्याने पत्रकारांसाठी आपल्या पानावर थोडक्यात लिहून ठेवले : सध्या उत्तर देणार नाही, कारण आधी मला स्वतःला सगळे नीट समजून घ्यायचे आहे. नवीन काही आहे का, ते दोन दिवसांनी एकदा पाहिले तरी पुरे. आणि तो कामाला लागला. त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही. एका फिनलंडवासीयाचा चेहरा मुखपृष्ठावर आला होता, त्याला तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षे झाली होती.

आम्हा बातमीदारांना ‘थांबा, मला अजून कळलेले नाही’ असे सांगणारा माणूस फार क्वचित भेटतो. आम्हीही ते वाक्य क्वचितच म्हणतो. मी त्या रात्री म्हणायला हवे होते. मला ‘ओपन सोर्स’ कळले नव्हते, आणि वाचकाला कळणार नाही असे मी ठरवून टाकले.

तो तरुण पुन्हा आला नाही. त्याचे नावही मी लिहून घेतले नव्हते. तेव्हा वृत्तपत्राच्या रीतीप्रमाणे, उशिरा का होईना, हा खुलासा : २००३ च्या मे महिन्यातील एका बातमीच्या मथळ्यात ‘फुकटचे’ असा शब्द पडला होता. तो ‘खुले’ असा वाचावा. चुकीबद्दल दिलगीर आहे. आणि ज्यांच्या विहिरीचे पाणी आपण रोज पितो, त्यांतले कोणी तुमच्या शेजारी राहत असेल, तर एकदा विचारून पाहा, गाळ काढायला माणसे पुरतात का.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)